कृ. ना. आठल्ये : चरित्र आणि एक विस्मृत चंद्रयात्रा

कृष्णाजी नारायण आठल्ये हे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. ‘केरळकोकिळ’ मासिकाचे संपादक, निर्भीड ग्रंथपरीक्षक आणि जुन्या वळणाचे कवी अशा तीन नात्यांनी वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद झालेली आहे. या तिन्ही नात्यांच्या आड त्यांचे चौथे कार्य मात्र झाकले गेले. १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराची चंद्रप्रवासाची कथा ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने ‘केरळकोकिळा’तून क्रमशः प्रसिद्ध झाली. मराठी विज्ञानसाहित्याचा आढावा घेणारे लेखक आपला आरंभ याच घटनेपासून करतात; परंतु ती एका वाक्यात सांगून लगेच पुढच्या काळाकडे वळतात. आरंभबिंदू म्हणून मान्यता पावलेली आणि तरीही वाचली न जाणारी अशी ही कृती आहे. प्रस्तुत लेखात आठल्ये यांच्या चरित्राच्या आधारे या उपेक्षेची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

१. टेंभू ते कोचीन

आठल्ये यांचा जन्म ३ जानेवारी १८५३ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. कृष्णाकाठचे हे लहानसे गाव. सातारचे राज्य खालसा होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. राजाश्रयावर पोसलेली जुनी विद्या निराधार होत होती आणि नवी विद्या अजून गावोगाव पोहोचली नव्हती. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते सुरू झाले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. आठल्ये यांचे बालपण या संक्रमणात गेले. पारंपरिक संस्कृत काव्यशास्त्राचा आणि मोरोपंती आर्येचा संस्कार एकीकडे, क्रमिक पुस्तकांतून येणारे भूगोल-खगोलाचे ज्ञान दुसरीकडे, अशी त्यांची घडण आहे.

याच टेंभूत १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. एका गावात साडेतीन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन पुरुषांचे मार्ग पुढे पूर्णतः भिन्न झाले. आगरकर बुद्धिवादाचे अध्वर्यू ठरले. १८८१ मध्ये ‘केसरी’चे पहिले संपादक आणि १८८८ मध्ये ‘सुधारका’चे संस्थापक म्हणून त्यांनी महाराष्ट्राच्या विचारविश्वात मोठी खळबळ उडवली. आठल्ये यांनी १८८४ मध्ये ‘गीतापद्यमुक्ताहार’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि त्याबद्दल ‘महाराष्ट्रभाषाचित्रमयूर’ ही पदवी मिळवली. गीतेचे पद्यमय रूपांतर करताना चित्रकाव्याचे नाना बंध साधणारा हा कवी मनाने मोरोपंतांच्या कुळातला होता. ‘सासरची पाठवणी’, ‘माहेरचे मूळ’, ‘मुलीचा समाचार’ या त्यांच्या पुस्तकांनी घरातल्या स्त्रियांपर्यंत मजल मारली. अशा वृत्तीच्या लेखकाकडून चंद्रावर तोफगोळा सोडण्याची कथा मराठीत येईल, अशी अपेक्षा कोणी केली नसती. म्हणूनच ती कशी आली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

उत्तराचा एक धागा त्यांच्या उपजीविकेत सापडतो. आठल्ये यांनी आरंभी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि मुंबईस चित्रकलेचे शिक्षणही घेतले. शिक्षकाला अवघड गोष्ट सोपी करून सांगण्याची सवय असते, तर चित्रकाराला न दिसणारी गोष्ट डोळ्यांपुढे उभी करण्याची. या दोन सवयींचा मिलाफ त्यांच्या पुढील संपादनात स्पष्ट दिसतो. काव्याच्या क्षेत्रात जुन्या वाटेने जाणारे आठल्ये माहितीच्या क्षेत्रात मात्र कमालीचे कुतूहलशील होते. मोरोपंती परंपरेतील पांडित्याला अक्षरगणनेची, बंधाच्या गणिताची आवड असतेच. त्या आवडीचे नाते व्हर्नच्या आकडेमोडीशी जुळले असावे, असे म्हणण्यास जागा आहे.

२. परमुलखातील मराठी मासिक

१८८६ मध्ये कोचीन येथे ‘केरळकोकिळा’चा जन्म झाला. कोचीन हे बंदर. कच्छी, गुजराती, कोकणी व्यापाऱ्यांची तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती. देवजी भीमजी या गुजराती व्यापाऱ्याचा ‘केरळमित्रम्’ हा छापखाना तेथे होता. १८८१ पासून त्याच नावाचे मल्याळम वृत्तपत्र त्यातून निघत असे आणि त्याचे आरंभीचे संपादक कण्डत्तिल वर्गीस माप्पिळ्ळा यांनी पुढे ‘मलयाळ मनोरमा’ची स्थापना केली. मल्याळम पत्रकारितेच्या या पाळण्यातच मराठीचेही एक मासिक वाढले. भीमजी यांचे आर्थिक पाठबळ आणि आठल्ये यांची लेखणी असा हा योग होता.

कोचीनला रेल्वे १९०२ मध्ये पोहोचली. म्हणजे मासिकाच्या पहिल्या दीड दशकात मुंबई-पुण्याशी कोचीनचा रेल्वेने संबंध नव्हता. तरीही या मासिकाला महाराष्ट्रात वाचक मिळाला. पुढे मासिकाचा कारभार मुंबईस आला. नाव मात्र केरळचेच राहिले. ‘विविधज्ञानविस्तारा’सारखे विद्वन्मान्य मासिक १८६७ पासून चालू असताना, १८९० मध्ये ‘करमणूक’ आणि १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ ही नियतकालिके मैदानात उतरली असताना, दूरच्या बंदरात उगम पावलेल्या मासिकाने टिकाव धरला, याचे श्रेय संपादकाच्या व्यक्तिमत्त्वाला द्यावे लागते.

या मासिकाचे स्वरूप मिश्र होते. चित्र आणि त्या चित्रावरील संपादकाची कविता हे त्याचे एक वैशिष्ट्य. प्राणी, पक्षी, वनस्पती असे सृष्टीतील विषय घेऊन त्यांवर पद्यरचना करायची, म्हणजे रंजनाच्या ओघात सृष्टिज्ञान द्यायचे, अशी ही योजना होती. दुसरे वैशिष्ट्य ग्रंथपरीक्षणांचे. आठल्ये यांची परीक्षणे परखड, क्वचित बोचरी आणि लांबलचक असत. भाषेतील शैथिल्य, वृत्तातील दोष, विषयाची उसनवारी यांपैकी काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्या काळी ग्रंथकर्त्यांना ‘केरळकोकिळा’चा धाक वाटे. साहित्येतिहासकारांनी आठल्ये यांना जे स्थान दिले ते मुख्यतः या परीक्षणांमुळे.

मासिकाची ही दोन अंगे परस्परांपासून दूर नाहीत. परीक्षकाची मागणी अशी की लेखकाने आपल्या प्रत्येक विधानाचा जाब द्यावा; सृष्टिवर्णनकाराची मागणी अशी की आश्चर्य दाखवावे, पण ते खरे असावे. या दोन मागण्या एकत्र केल्या म्हणजे जे वाङ्मय हवेसे वाटेल, ते व्हर्नच्या कादंबरीत तयार होते.

३. हिशेब देणारे अद्भुत

व्हर्नची मूळ कादंबरी १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा उत्तरार्ध १८७० मध्ये ग्रंथरूपाने आला. १८७३ मध्ये दोन्ही भाग मिळून इंग्रजी भाषांतर निघाले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे बाल्टिमोर येथील तोफखान्याच्या तज्ज्ञांचे एक मंडळ बेकार झाले आहे. त्याचा अध्यक्ष बार्बिकेन चंद्रावर गोळा डागण्याची कल्पना मांडतो. फ्लॉरिडात जमिनीत ९०० फूट खोल तोफ ओतली जाते. गोळा ॲल्युमिनियमचा, त्याचे वजन सुमारे १९,००० पौंड. स्फोटासाठी ४,००,००० पौंड बंदुकीचा कापूस. गोळ्याचा आरंभीचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड. प्रवासाचा काळ ९७ तास आणि वर काही मिनिटे. पुढे आर्दाँ नावाचा एक फ्रेंच साहसी पुरुष आपण त्या गोळ्यात बसून जाणार असल्याचे जाहीर करतो आणि तिघे जण पोकळ गोळ्यातून प्रस्थान ठेवतात.

हा तपशील येथे मुद्दाम दिला, कारण या कथेचे खरे नावीन्य तिच्या आकड्यांत आहे. चंद्रावर जाण्याची कल्पना आपल्या वाचकाला नवी नव्हती. पुष्पक विमान, नारदाचा त्रैलोक्यसंचार, सदेह स्वर्गारोहणाची त्रिशंकूची हौस हे सर्व त्याच्या कानावरून गेलेले होते. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, हा विचारही भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’मुळे पंडितवर्गाला ठाऊक होता. मराठी कादंबरीनेही आपला आरंभकाळ अद्भुतातच घालवला होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांत योगायोग, मायावी प्रदेश आणि दैवी साहाय्य यांची रेलचेल आहे.

परंतु या अद्भुताला कोणी हिशेब विचारत नाही. पुष्पकाचे वजन किती, त्याला उचलणारी शक्ती कोणती, हे प्रश्न तेथे अरसिकपणाचे ठरतात. व्हर्नच्या कथेत मात्र वाचकाच्या आधी लेखकच हे प्रश्न विचारतो. या संदर्भात त्रिशंकूशी तुलना उद्‌बोधक ठरते. व्हर्नच्या पहिल्या भागाच्या अखेरीस गोळा चंद्रावर पोहोचत नाही. तो मार्गातून किंचित ढळतो आणि चंद्राभोवती फिरू लागतो. ना पृथ्वी, ना चंद्र, अशी ही अवस्था आहे. विश्वामित्राच्या त्रिशंकूची गती याहून निराळी नाही. पण त्रिशंकू अधांतरी राहतो तो तपोबल आणि इंद्राची आज्ञा यांच्या ओढाताणीमुळे, आणि बार्बिकेनचा गोळा अडकतो तो गती आणि आकर्षण यांच्या ओढाताणीमुळे. दोन्ही कथांतील प्रसंग एकच असून कारणाची जात बदलली आहे. या बदललेल्या कारणपरंपरेला मी ‘हिशेब देणारे अद्भुत’ असे म्हणतो. मराठीत ते प्रथम ठळकपणे आले ते ‘केरळकोकिळा’च्या पानांवर.

व्हर्नचा हिशेब सर्वस्वी अचूक नव्हता. तोफेतून अशा वेगाने सुटलेल्या गोळ्यातील माणसे पहिल्याच क्षणी चिरडली जातील, हे आज शाळकरी मुलालाही सांगता येते. पण सेकंदाला १२,००० यार्ड म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. पृथ्वीच्या आकर्षणातून सुटण्यासाठी लागणाऱ्या ११.२ किलोमीटर वेगाच्या हा आकडा अगदी जवळ येतो. साधन चुकले तरी मोजमाप बरोबर होते. चुकीचा हिशेब तपासता येतो. मंत्राचा हिशेब तपासता येत नाही. म्हणून चूक असूनही ही कथा विज्ञानाच्या बाजूची ठरते.

हीच घटना अन्य भारतीय भाषांतही थोड्या फरकाने घडत होती. हिंदीत अंबिकादत्त व्यास यांचे ‘आश्चर्य वृत्तांत’ १८८४ मधले. १९०० मध्ये ‘सरस्वती’ मासिकात केशवप्रसाद सिंह यांची ‘चंद्रलोक की यात्रा’ आली. बंगालीत जगदीशचंद्र बसू यांनी १८९६ मध्ये वादळ शमवणाऱ्या केशतेलाची कथा लिहिली. बेगम रोकेया यांचे इंग्रजीतील ‘सुलतानाज ड्रीम’ १९०५ चे. शतकाच्या उंबरठ्यावर मराठी आणि हिंदी मासिकांतून जवळजवळ एकाच सुमारास चंद्रलोकाचा प्रवास घडावा, हे त्या काळाच्या मनोवृत्तीचे गमक आहे. परकी सत्तेचे बळ ज्या यंत्रविद्येत आहे, ती विद्या कथेच्या द्वारे तरी आपल्या आवाक्यात आणावी, अशी ही ओढ होती.

४. विस्मृतीची कारणे

एवढे असूनही ‘चंद्रलोकची सफर’ आमच्या वाङ्मयेतिहासाबाहेर राहिली. माझ्या मते याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण, वास्तववादाचा मानदंड. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून अद्भुतरम्य कादंबरीचे दोष दाखवले. पुढे हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीने सामाजिक वास्तवाची प्रतिष्ठापना केली. हे योग्यच झाले. परंतु त्यानंतर समीक्षेने अद्भुत म्हणजे अप्रगल्भ असे समीकरण बसवले. मराठ्यांचा आक्षेप असंभाव्यतेवर होता. असंभाव्य वाटणाऱ्या गोष्टीला संभाव्य करून दाखवण्याची खटपट करणारे वाङ्मय त्या आक्षेपातून सुटू शकते, हा विचार झाला नाही. नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) आणि ‘चंद्रलोकची सफर’ यांच्यातील जातिभेद ओळखण्याची परिभाषाच समीक्षेकडे नव्हती.

दुसरे कारण, भाषांतराकडे पाहण्याची दृष्टी. स्वतंत्र कृतीला इतिहासात स्थान आणि भाषांतराला तळटीप, अशी आपली विभागणी आहे. श्री. बा. रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’ या कथेला स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून अग्रमान देतात तो याच न्यायाने. स्वतंत्र निर्मितीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण नव्या वाङ्मयप्रकाराला आधी वाचक लागतो, आणि तो वाचक भाषांतरांनी तयार होतो. वेग, वजन, अंतर, दाब यांच्या गोष्टी महिन्यामागून महिना कथेच्या ओघात वाचण्याची सवय ज्यांना लागली, त्यांच्यापुढेच पुढचा लेखक स्वतंत्र कथा ठेवू शकतो.

तिसरे कारण, वाचकवर्गाचे स्थलांतर. ‘केरळकोकिळ’ हे प्रौढांचे मासिक होते. ज्या पानांवर ग्रंथपरीक्षणे येत, त्यांच्या शेजारीच चंद्रप्रवास येत होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भा. रा. भागवत यांनी व्हर्नला मराठी घराघरांत पोहोचवले. परंतु त्यांचा वाचक मुख्यतः किशोरवयीन होता. या उत्तम कार्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की व्हर्न आणि त्याच्याबरोबर सर्व विज्ञानकथा बालवाङ्मयाच्या कपाटात गेली. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धा, १९७४ मध्ये टोपणनावाने स्पर्धेत उतरलेले जयंत नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे यांच्यामुळे ती पुन्हा प्रौढांच्या हाती आली. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा या प्रकाराला प्रतिष्ठा लाभली असे म्हटले गेले. वास्तविक ती हरवलेली प्रतिष्ठा परत मिळाली होती.

या तीन कारणांच्या मुळाशी एक समान वृत्ती दिसते. आधुनिकता म्हणजे सुधारणावाद आणि सुधारणावाद म्हणजे अमुक लेखक, अशी सोपी वाटणी आपण करून ठेवली आहे. टेंभूच्या दोन सुपुत्रांपैकी विज्ञानदृष्टी आगरकरांच्या खात्यावर आणि आर्यावृत्त आठल्ये यांच्या खात्यावर जमा होते. आगरकरांनी विवेकाचा आग्रह निबंधातून धरला. तो आग्रह कथेच्या रूपाने रंजक करण्याचे काम मात्र परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या संपादकाकडून झाले. एका माणसाच्या ठायी गीतेचे पद्यबंध आणि चंद्रावरची तोफ सुखाने नांदू शकतात, हे ज्या इतिहासलेखनाला दिसत नाही, त्याला एकोणिसावे शतक पुरते कळलेले नाही.

आठल्ये यांच्या परखडपणाचाही यात काही वाटा आहे. दुसऱ्यांच्या ग्रंथांचे दोष दाखवणाऱ्या परीक्षकाला स्वतःच्या कार्याचा सहानुभूतीने विचार करणारा परीक्षक सहसा मिळत नाही. त्यांच्या कवितेची रुची त्यांच्या हयातीतच मागे पडली. केशवसुतांनंतर मोरोपंती वळणाला नव्या पिढीत थारा उरला नाही. कवी जुना ठरला आणि त्याच्याबरोबर संपादकही जुना ठरला.

५. अखेर

२९ नोव्हेंबर १९२६ रोजी आठल्ये यांचे निधन झाले. त्याच वर्षी १६ मार्च रोजी अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्ड यांनी द्रव इंधनावर चालणारा पहिला अग्निबाण आकाशात सोडला होता. चंद्रावर जाण्याचे साधन तोफ नसून अग्निबाण आहे, हे त्या उड्डाणाने पुढे सिद्ध व्हायचे होते. १९६९ च्या जुलैमध्ये फ्लॉरिडातूनच तिघे जण चंद्राकडे निघाले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चंद्रयान दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. या घटनांचे भाकीत ‘केरळकोकिळा’ने केले होते, असा दावा करण्याचे कारण नाही. चंद्राकडे मोजमापाच्या नजरेने पाहण्याची सवय मराठी गद्याला लावण्यात त्याचा वाटा होता, एवढेच म्हणणे पुरेसे आहे आणि तेच महत्त्वाचे आहे.

टेंभूचे नाव आज सातारा-सांगलीकडे उपसा सिंचन योजनेमुळे घेतले जाते. कृष्णेचे पाणी तेथून उचलून खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ अशा दुष्काळी तालुक्यांकडे नेले जाते. वर्गात टेंभूचा उल्लेख केला की विद्यार्थ्यांना प्रथम ही योजना आठवते, नंतर आगरकर. आठल्ये यांचे नाव क्वचितच निघते. याच कृष्णेच्या ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील जुन्या ग्रंथांचे अपरिमित नुकसान झाले. मासिकांतून राहिलेले वाङ्मय पुस्तकापेक्षा आधी नष्ट होते. त्याला दुसरी आवृत्ती नसते, वारसही नसतो.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी येथे एक निश्चित काम आहे. ‘केरळकोकिळा’च्या उपलब्ध संचिका जमवून ‘चंद्रलोकची सफर’ एकत्र वाचणे, मूळ कादंबरीशी आणि इंग्रजी भाषांतराशी ती ताडून पाहणे, शास्त्रीय संज्ञांसाठी कोणते शब्द योजले आहेत आणि त्यांतील कोणते टिकले याची सूची करणे, हे प्रबंधाचे विषय आहेत. ते झाल्यावर या कृतीचे मोल कमी भरले तर तसे स्पष्ट म्हणावे. आठल्ये यांनी आपल्या काळातील प्रत्येक ग्रंथाकडे हिशेब मागितला. त्यांच्या कार्याचा हिशेब मांडणे आपल्याकडे शतकभर थकलेले आहे.